गोगलगायी आणि पिण्याच्या पाण्याची सोय

सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझा गोगलगायींवर राग नाही. माझा राग माणसांवर आहे; त्यातही शिकलेल्या, खुर्चीवर बसलेल्या आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या माणसांवर. गोगलगायींनी माझी खोली घेतली, माझं टेबल घेतलं, माझी सकाळची गरम पाण्याची आंघोळ घेतली, पण हे सगळं त्यांनी झोपेत केलं. माणसांनी जे केलं ते टक्क जागेपणी, चहा पिऊन, कचेरीच्या वेळेत केलं.

दुसरी गोष्ट. गोगलगायीवर आपल्याकडे एक म्हण आहे. ती मी इथे लिहिणार नाही. गेल्या काही महिन्यांत ती मला सोसायटीच्या सेक्रेटरीपासून केस कापणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी ऐकवली आहे, आणि ऐकवणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा असा, की ही त्याला आत्ता या क्षणी सुचली. वाचकांपैकी कुणाच्या ओठांवर ती आली असेल, तर त्यांनी कृपया ती गिळावी आणि मग पुढे वाचावं.

माझी बायको कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि पन्नाशी उलटल्यावर विद्यापीठात पीएच.डी. करते आहे. विषय गोगलगायींची झोप. हवा कोरडी झाली, की काही गोगलगायी शंखात आत सरकतात, दारावर आपल्याच चिकट स्रावाचा पापुद्रा चढवतात आणि झोपतात. झोपतात म्हणजे महिनोन्‌महिने. खाणं नाही, पिणं नाही. हृदय इतकं सावकाश चालतं, की पुढचा ठोका पडेपर्यंत बघणाऱ्याच्या छातीत धडधडतं. मग ओल लागली की उठतात आणि सरळ चालायला लागतात. हिचा प्रश्न एवढाच होता, की त्यांना चालता येतं कसं? माझे सासरे पडल्यावर वर्षभर अंथरुणावर होते. वर्षभरात त्यांच्या पायांच्या काड्या झाल्या आणि ते परत उभे राहिले नाहीत. गोगलगायीला सगळा मिळून एकच पाय. तो इतके महिने न हलवता शाबूत कसा राहतो, हे हिला शोधायचं होतं. सासरे गेले आणि पुढच्याच महिन्यात हिने विद्यापीठाचा अर्ज भरला. "या वयात?" असं सगळ्या नातेवाइकांनी विचारलं. तिने कुणालाही उत्तर दिलं नाही, म्हणून ते सगळे माझ्याकडे आले.

प्रयोग साधा होता. गोगलगायींचे काचेचे दोन ट्रे, दोन्ही वर्षभर झोपलेले हवेत. प्रत्येक शंखाला एक बारीकशी तार चिकटवलेली, तिच्यावरून ठोके मोजायचे. आठ महिने झाले होते, चार राहिले होते. हिचे मार्गदर्शक सर वर्षअखेरीला निवृत्त होणार होते. म्हणजे मध्येच पाणी लागून त्या उठल्या, तर त्यांना पुन्हा निजवून नव्याने वर्ष मोजायला वेळच नव्हता. सर गेले की नवा मार्गदर्शक, नवी नोंदणी, आणि नव्या माणसाला गोगलगायींचं वावडं नसेल याची खात्री कोण देणार? चमचाभर पाणी, की हिची सगळी मेहनत वाहून जाणार, असा मामला होता.

आणि नेमक्या त्याच वेळी विद्यापीठाला रंग काढायची बुद्धी झाली.

बाहेरून कुठलंसं पथक विद्यापीठाला दर्जा द्यायला येणार होतं. त्यामुळे सगळ्या खोल्यांना रंग. हिची कोरडी खोली, जिथे आठ महिने कुणी ओला रुमालसुद्धा नेला नव्हता, तिथे रंगारी बादल्या घेऊन हजर. हिने विभागप्रमुखांना सांगितलं, आत जिवंत प्राणी झोपले आहेत. विभागप्रमुख म्हणाले, "मग हळू रंगवायला सांगतो."

त्या संध्याकाळी ही टॅक्सीतून दोन ट्रे मांडीवर घेऊन घरी आली आणि मला म्हणाली, "अहो, तुमची खोली लागेल."

माझी खोली म्हणजे काही महाल नाही. मी घोरतो म्हणून मला मिळालेली ती खोली. एक पलंग, एक टेबल, एक रेडिओ आणि दार लावून घ्यायचं स्वातंत्र्य. तिथे आता एसी रात्रंदिवस हवेतली ओल ओढायला लागला. दारावर नियम आले. ओले केस घेऊन आत यायचं नाही. चहाचा कप आत न्यायचा नाही, वाफ लागते. फरशी पुसायची नाही. न्हाणीघर त्या खोलीला लागून, म्हणून गरम पाण्याची आंघोळ बंद. मी शिंकलो तर कोणत्या दिशेला शिंकायचं, हेही मला सांगण्यात आलं. मी हॉलमधल्या सोफ्यावर आलो. सोफा माझ्यापेक्षा आखूड आहे.

हिचा भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा, हा सल्ले द्यायलाच जन्माला आलेला आहे. त्याने फोनवर सांगितलं, "दाजी, सोपं आहे. तांदळाच्या डब्यात ठेवा. माझा मोबाइल पाण्यात पडला होता, दोन दिवस तांदळात ठेवला, सुरू झाला."

"अरे, त्या सुरू व्हायला नकोत! हाच तर प्रश्न आहे!"

"मग तांदूळ काढून घ्या," तो म्हणाला.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, नाहीतर माझ्या रागाची खोली कळायची नाही. मी पाणीपुरवठा विभागात तक्रारींच्या खिडकीवर बसतो. पाणी आलं नाही की लोक माझ्यावर ओरडतात. गढूळ आलं की माझ्यावर ओरडतात. एका बाईंनी तर त्यांच्या नवऱ्याच्या आंघोळीच्या वेळेवरून मला सुनावलं आहे. इतकी वर्षं मी "नोंद घेतो" एवढंच म्हणत आलो. माझा आवाज चढलेला कुणी ऐकलेला नाही. सगळा राग आत साठत गेला, आणि आमच्या विभागाच्या टाक्या कधी भरल्या नाहीत, पण मी मात्र काठोकाठ भरलो. अशा माणसाने संध्याकाळी घरी यावं आणि स्वतःच्याच घरात पाण्याला मज्जाव असावा, हे माझ्या कचेरीत कळलं तेव्हा तिथे मोठा आनंद झाला.

आता एसीने हवेतलं पाणी ओढलं, की ते कुठेतरी जाणारच. ते नळीतून खाली जाऊन सेक्रेटरींच्या गाडीवर पडू लागलं. थेंब थेंब, अहोरात्र, बरोबर ड्रायव्हरच्या काचेवर. तिसऱ्या मजल्यावरचे हे सेक्रेटरी मुळात भला माणूस. पण सोसायटीची सूत्रं हातात आली, की भल्या माणसाचं काय होतं ते त्यांच्याकडे बघून कळतं. ते वर आले. "हा एसी दिवसभर कशाला?" त्यांनी विचारलं.

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. माझ्या आईला बरं नाही, मला दमा आहे, काहीही चाललं असतं. पण मी सरळमार्गी माणूस. मी म्हणालो, "आत गोगलगायी झोपल्या आहेत."

सेक्रेटरींनी आधी ती म्हण म्हटली. मग ते वर गेले आणि गच्चीवर बाग करणाऱ्या काकूंना जाऊन सांगितलं.

या काकूंची बाग म्हणजे सोसायटीतलं स्वतंत्र राज्य आहे. कुंडीला हात लावला तर दंड. महिन्याभरापूर्वी त्यांच्या कोवळ्या रोपांची पानं कुणीतरी कुरतडली होती. तेव्हापासून त्या गुन्हेगाराच्या शोधात होत्या. त्या एका हातात कुरतडलेलं पान घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"ओळखता का हे?"

"काकू, आमच्याकडच्या गेले आठ महिने झोपल्या आहेत."

"पकडल्यावर सगळे असंच म्हणतात."

"त्यांच्या दारावर पापुद्रा आहे. बाहेरच आल्या नाहीत त्या!"

"आणि तुम्ही जागे होतात का रात्रभर बघायला?" काकूंनी विचारलं. "तुमचं घोरणं तर मला वर ऐकू येतं."

झालं. सोसायटीची सभा भरली. माझ्या घोरण्यावरही तिथे चर्चा झाली, विषयपत्रिकेत नसताना. ठराव असा झाला, की विद्यापीठाने लेखी परवानगी दिली असेल तर गोगलगायी राहतील. नसेल, तर त्या आठवड्याच्या आत जातील. जातील कुठे, हे कुणी विचारलं नाही. बाहेर हवा दमट होती. दारातून पाऊल टाकताच त्या उठल्या असत्या.

एका परवानगीचा तर प्रश्न, असं मला वाटलं. मी आयुष्य सरकारी खिडकीच्या आतल्या बाजूला घालवलं आहे. बाहेरच्या बाजूला उभं राहिल्यावर काय वाटतं, ते मला त्या आठवड्यात कळलं, आणि इतकी वर्षं लोक माझ्यावर का ओरडले हेही कळलं.

विद्यापीठात प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी एक समिती आहे. आम्ही दोघं तिच्या कचेरीत गेलो. तिथल्या लिपिकाने अर्ज पाहिला आणि परत केला.

"आमची समिती पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांसाठी आहे. गोगलगायीला कणा नाही."

"म्हणजे परवानगी लागत नाही?" हिने विचारलं.

"लागत नाही."

"तेवढं लिहून द्या."

"लागत नाही असं लिहून द्यायला समितीची परवानगी लागते."

"मग समितीपुढे ठेवा."

"समितीपुढे कणा असलेलेच प्राणी ठेवता येतात," तो म्हणाला.

विद्यापीठात कणा नसलेल्यांसाठी समिती नाही हे ऐकून मला नवल वाटलं, कारण त्या इमारतीत मला दुसरं कुणी दिसलंच नव्हतं. मी हे पुटपुटलो. हिने मला कोपर मारलं.

ही शांत होती. मला या बाईचं हेच कळत नाही. ती भांडार विभागात गेली. तिथे कळलं, की गोगलगायी विद्यापीठाच्या दप्तरी प्राणी नाहीतच; काचेच्या नळ्या आणि कापूस यांच्याबरोबर त्या "उपभोग्य साहित्य" म्हणून नोंदल्या आहेत. भांडारपालाने विचारलं, "वापरून झाल्या का?" ती कुलसचिवांच्या कचेरीत गेली, तिथून विभागात, विभागातून परत समितीकडे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती आणि ही प्रत्येक खिडकीवर "नमस्कार" म्हणून पहिल्यापासून सगळं सांगत होती. शेवटी समितीने एक खास बाब म्हणून ठरवलं, की घरी येऊन पाहणी करू, सगळं नियमात असेल तर पत्र देऊ. ही खूश झाली. मलाही हायसं वाटलं. आम्ही दोघंही मूर्ख.

पाहणीच्या दिवशी मी रजा घेतली. सकाळी हिला विद्यापीठातून फोन आला, की पाहणीपूर्वी अध्यक्षांनी चर्चेला बोलावलं आहे, ताबडतोब या. ही निघून गेली, आणि ही अध्यक्षांच्या दाराबाहेर फोन बंद करून बसलेली असताना पाहणी पथक माझ्या दारात उभं राहिलं. एकाच समितीचे हे दोन हात, आणि उजव्याला डाव्याचा पत्ता नाही.

पथक म्हणजे एक पशुवैद्य डॉक्टर आणि तो कण्यावाला लिपिक. डॉक्टर घामाघूम झाले होते. मी त्यांना आधी टॉवेल दिला, हात कोरडे करवून घेतले, मग दार उघडलं. लिपिकाने तक्ता काढला. तक्ता उंदीर आणि सशांसाठी छापलेला होता.

"प्राण्यांना उड्या मारायला पुरेशी उंची आहे?" त्याने विचारलं.

मी छताकडे बघितलं. "आहे."

"लढाऊ प्राणी वेगळे ठेवलेत?"

"यांच्यात लढाऊ कुणी नाही."

"पिण्याच्या पाण्याची सोय?"

"नाही," मी म्हणालो. "तीच तर गंमत आहे. पाणी मिळालं की त्या जाग्या होतात."

डॉक्टरांनी ट्रेवर वाकून पाहिलं. ओळीने शंख, प्रत्येकाच्या तोंडावर कागदासारखा पापुद्रा. "किती दिवस पाणी नाही यांना?"

"आठ महिने."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच चोरून पाणी बंद केलं आहे. "आठ महिने! आणि तुम्ही नोकरी कुठे करता?"

"पाणीपुरवठ्यात," मी म्हणालो. लिपिक फिसकन हसला.

मी त्यांना समजावलं. हिने मला जे जे सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. पापुद्रा, ठोके, पाय, सासरे, सगळं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. उलट दयाळू होता, आणि तेच नडलं. ते म्हणाले, "हे बघा, तुमचं शास्त्र असेल. पण नियम पाचमध्ये स्पष्ट म्हटलंय, प्रत्येक प्राण्यासमोर सदासर्वकाळ स्वच्छ पाणी. त्या रकान्यात 'नाही' लिहिलं तर पत्र मिळणार नाही. 'होय' लिहायचं, तर मला पाणी दिसलं पाहिजे. मी खोटं लिहीत नाही. एक वाटी आणा."

"नाही आणणार."

"मुक्या जिवांचे हाल करता तुम्ही!"

एवढ्यात बेल वाजली. सेक्रेटरी आणि बागवाल्या काकू. पाहणी आली आहे हे त्यांना कळलं होतं आणि काकूंना आपली साक्ष नोंदवायची होती. एका हातात ते पान, आणि बागेतून तशाच उठून आल्यामुळे दुसऱ्या हातात झाडांवर पाणी फवारायचा पंप. भरलेला.

डॉक्टरांना पंप दिसला. पुढचं सगळं मी आत्ता लिहितोय त्याहून कमी वेळात झालं. ते "बाई, जरा द्या" म्हणाले, काकूंनी सवयीने दिला, आणि विद्यापीठाच्या प्राणी समितीच्या अधिकृत प्रतिनिधीने विद्यापीठाच्या आठ महिन्यांच्या संशोधनावर नियम पाच फवारला.

पहिला ट्रे पुरता भिजला. दुसरा मी उचलला, छातीशी धरला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. उरलेला फवारा माझ्या पाठीवर आला. शर्ट चिकटला, गार पाणी पाठीवरून खाली उतरलं, आणि माझ्यात इतकी वर्षं जे काठोकाठ भरलं होतं ते फुटलं. मी ओरडलो. काय ओरडलो ते मला शब्दशः आठवत नाही, पण "निघा!" त्यात नक्की होतं, आणि "नोंद घेतो" अजिबात नव्हतं. खाली गाडी पुसत असलेला माणूस फडकं टाकून पळाला, असं नंतर कळलं. डॉक्टर, लिपिक, सेक्रेटरी आणि काकू आपापल्या चपला न बघता जिना उतरले. काकू माझी चप्पल घालून गेल्या.

मग मी दुसरा ट्रे तसाच धरून हॉलमधल्या कपाटात ठेवला, ओला शर्ट काढून फेकला, एसी वाढवला आणि पहिल्या ट्रेजवळ जाऊन बसलो. काही करण्यासारखं नव्हतं. थोड्या वेळाने एका शंखाच्या तोंडावरचा पापुद्रा फुगला, फाटला, आणि फेस आला. त्यातून एक शिंग बाहेर आलं. मग दुसरं. शिंगाच्या टोकावरच्या डोळ्याने ती मला बघत होती. मी हे कधी पाहिलं नव्हतं. फार सुंदर होतं ते, आणि मला रडू येत होतं, आणि दोन्ही गोष्टींचा मला राग आला.

ही आली तेव्हा पहिल्या ट्रेमधल्या बहुतेक सगळ्या कडेवर चढल्या होत्या. मी उघड्या अंगाने जमिनीवर बसलो होतो. तिने एकदा ट्रेकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"दुसरा?"

"कपाटात. कोरडा आहे."

ती कपाटापाशी गेली. भिंगातून बघावं तसं एकेक शंख बघितला. परत आली.

"अर्ध्या राहिल्या," ती म्हणाली. "अर्ध्यांवर लिहिता येईल. मुद्दा लंगडा होईल, पण लिहिता येईल." मग ती खाली बसली. "अध्यक्षांनी मला एवढा वेळ काय विचारलं माहितेय? मी हळदीकुंकवाच्या वयात हे कशाला करते, असं नाही म्हणाले. पण तेच म्हणाले. आठ महिन्यांत एकाही माणसाने विचारलं नाही, की बाई, सापडलं काय?"

मी म्हणालो, "पाय शाबूत राहिला का?"

तिने ट्रेच्या कडेवरून निघालेल्या एका गोगलगायीकडे बोट दाखवलं. आठ महिन्यांनंतर ती न अडखळता काच चढत होती. हिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते तिने खोलीबाहेर जाऊन पुसलं.

दुसऱ्या दिवशी आम्हालाच नोटीस आली. प्राण्यांना आठ महिने पाण्यावाचून ठेवल्याबद्दल आणि समितीच्या प्रतिनिधीशी उद्धट वर्तन केल्याबद्दल कारणे दाखवा. हिने नोटीस वाचली, घडी घातली, आणि पहिला ट्रे उचलला. जाग्या झालेल्यांना तिने रात्री काही खायला घातलं नव्हतं. मी काकडी आणली होती, ती तिने परत फ्रिजमध्ये ठेवली होती. मला ते क्रूर वाटलं होतं.

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं. टेबलावर पाहणी अहवाल, फायलींचे दोन गठ्ठे आणि नियमावली. अध्यक्ष, दोन सदस्य, पशुवैद्य डॉक्टर आणि तो लिपिक. हिने ट्रे टेबलाच्या मधोमध ठेवला आणि झाकण काढलं. "पुरावा," ती म्हणाली.

पहिला अर्धा तास मला तिथे बसता येईल का, यावर गेला. मी संशोधक नाही, प्राणी नाही, मग मी कोण? शेवटी मला "संबंधित व्यक्ती" ठरवण्यात आलं. मग चहा आला. मग नियम पाचचं वाचन झालं. मग एका सदस्याने शंका काढली, की कणा नसलेल्या प्राण्याला तहान लागते का, आणि दुसऱ्याने उपसमिती नेमावी असं सुचवलं. माझ्या मुठी टेबलाखाली आवळल्या होत्या. मला परत ओरडायचं होतं. हिने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवला.

तेवढ्यात एक बारीक आवाज यायला लागला. किसणीवर काहीतरी सावकाश घासावं, तसा. अध्यक्ष थांबले. सगळ्यांनी खाली बघितलं.

आठ महिन्यांच्या उपाशी गोगलगायी, आणि समोर टेबलभर कागद. गोगलगायीला कागद आवडतो, हे मला त्या दिवशी समजलं. हिला अर्थातच आधीपासून माहीत होतं. समिती बोलत असताना त्या ट्रेमधून उतरल्या होत्या आणि आपल्या गतीने टेबलभर पसरल्या होत्या. ती गती समितीपेक्षा बरी होती. दोघी अहवालाचा कोपरा खात होत्या, "पिण्याच्या पाण्याची सोय" इथून सुरुवात करून. एक आमच्या नोटिशीच्या कार्यालयीन प्रतीवर होती. दोन-तीन फायलींच्या गठ्ठ्यात शिरल्या होत्या आणि आतून आवाज येत होता.

"उचला! उचला त्यांना!" अध्यक्ष किंचाळले. लिपिकाने हात पुढे केला आणि मागे घेतला. कुणालाच त्यांना हात लावायचा नव्हता. अध्यक्षांनी नियमावलीकडे हात नेला. तिच्यावर एक गोगलगाय पाय पसरून बसलेली होती, ते पाहून तोही मागे आला.

ही उभी राहिली. मी तिला इतका चढलेला आवाज लावताना कधी ऐकलं नव्हतं. आणि तरी तो मोठा नव्हता.

"सर, आठ महिने मी यांना पाणी दिलं नाही, कारण त्यांना ते नको होतं. त्यांनी स्वतः दार लावून घेतलं होतं. तुमच्यापैकी एकाने जरी मला विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं. तुम्ही मला कणा विचारलात, वय विचारलंत, नवरा कोण ते विचारलंत. माझी अर्धी मेहनत तुम्ही दयेपोटी धुऊन टाकलीत. उरलेली अर्धी माझ्या घरात कोरडी आहे. हे पत्र मी लिहून आणलंय. वर्ष भरेपर्यंत त्या माझ्या घरात राहतील आणि त्या खोलीत समितीचं कुणीही येणार नाही, एवढंच आहे त्यात. सही करा."

"असं नियमात बसत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"बघा नियमात," ही म्हणाली.

अध्यक्षांनी नियमावलीकडे बघितलं. नियमावलीवरची शिंगं त्यांच्याकडे वळली. एका फायलीतून कागदाचा तुकडा खाली पडला आणि लिपिक कळवळून म्हणाला, "सर, ती तुमच्या प्रवासभत्त्याची आहे."

अध्यक्षांनी सही केली. शिक्काही मारला.

पशुवैद्य डॉक्टर इतका वेळ खाली वाकून, टेबलाच्या पातळीवर डोळे आणून, एका गोगलगायीचा सरकणारा पाय बघत होते. "बाई," ते म्हणाले, "एवढे महिने न हलता... हा झिजत कसा नाही?"

"लिहून झालं की वाचा," ही म्हणाली. "तोपर्यंत पंप उचलायचा नाही."

तिने पत्र पर्समध्ये ठेवलं आणि मला म्हणाली, "चला." आम्ही दारापर्यंत पोचलो तोच अध्यक्ष मागून ओरडले, "अहो बाई! आणि ह्या? ह्यांचं काय? घेऊन जा ना ह्या!"

ही दारात वळली.

"पाणी तुम्ही पाजलंत ना, सर? आता जेवायलाही तुम्हीच घाला."